‘माप दहापट चुकलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. मापाच्या भांड्यावर 25 च्या खुणेपर्यंत फरशीचं द्रव घेतलं, ते 5 लिटर पाण्यात मिसळलं, फरशी चिकट झाली. शिवाय 1 लिटर तेल मोजून काट्यावर ठेवलं तर 910 ग्रॅमच भरलं. म्हणून खुणा चुकीच्या आहेत, असं आपण लिहिलंत. आपल्याला मनस्ताप झाला याचं वाईट वाटतं. पण खुणा बरोबर आहेत, आणि हे उलगडलं नाही तर दुसऱ्या भांड्यातही असंच होईल.

पट्टीच्या वरच्या टोकाला ‘सीएल’ छापलंय, म्हणजे सेंटिलिटर. 1 सेंटिलिटर म्हणजे 10 मिली, त्यामुळे 25 ची खूण 250 मिलीची. आपल्या बाटलीवर लिटरला 5 मिली, म्हणजे 5 लिटरला 25 मिली सांगितलंय. द्रव दहापट गेलं ते इथे. मिलीला 10 ने भागलं की सेंटिलिटर येतात: 25 मिली म्हणजे अडीच. या भांड्याची पहिली खूणच 5 ची आहे, तेव्हा एवढं थोडं द्रव यात मोजूच नका. बिनसुईची 10 मिलीची सिरिंज घ्या, दोन भरून आणि एक अर्धी. तिच्यावर ‘सीसी’ लिहिलेलं असलं तरी चालेल, 1 सीसी म्हणजे नेमका 1 मिली.

उरलेलं द्रावण ओतून देऊ नका. त्यातलं 1 लिटर घेऊन त्यात 9 लिटर पाणी घातलं की प्रमाण जागेवर येतं. चिकट फरशी आधी नुसत्या पाण्याने दोनदा पुसा.

आता तेल. ते पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून लिटरला 910 ग्रॅम हा आकडा अगदी योग्य आहे. 1901 पासून लिटरची व्याख्याच 1 किलो पाण्यावर बेतलेली होती, ती 1964 मध्ये रद्द झाली. आता लिटर म्हणजे फक्त 10 सेंटिमीटर बाजूच्या घनाएवढी जागा. वजनाशी त्याचा संबंध नाही.

भांडं तपासायचंच असेल तर पाण्याने तपासा. कोरडं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, मग सपाट ओट्यावर 100 च्या खुणेपर्यंत भरा. पट्टी आपल्याकडे आणि डोळा खुणेच्या पातळीत हवा. वरून वाकून पाहिलं तर पाणी आहे त्याहून वर दिसतं आणि आपण कमी भरतो. काठाशी पाणी किंचित चढतं, ते न धरता मधला खालचा भाग पाहा. 20 अंशांच्या पाण्याचं वजन सुमारे 997 ग्रॅम यायला हवं, 30 अंशांना 995 च्या आसपास.

तीनदा मोजून 980 पेक्षा कमी किंवा 1010 पेक्षा जास्त येत असेल तर तिन्ही आकडे आणि पाण्याचं तापमान कळवा, भांडं बदलून देऊ.