चेनसॉ कुणी विकावी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याला चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीने लाकूड कापायचं यंत्र, खोलून पुन्हा जोडता येत नाही, त्याने ती विकू नये. दुकान केवढंही मोठं असो, भाव कितीही पाडलेला असो. खुर्च्या, रंगाचे डबे, नळ, बल्ब कुठूनही घ्या, काही बिघडत नाही. चेनसॉचं तसं नाही. पैसे दिले, खोकं उचललं, गाडीत टाकलं, की गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचा संबंध संपला, असं या यंत्राच्या बाबतीत होऊच शकत नाही. ती परत येतेच. प्रश्न एवढाच की कुणाकडे येते.

मी दुरुस्तीच्या टेबलावर काम केलेला माणूस आहे, त्यामुळे मला हा विषय त्या टेबलावरूनच दिसतो. तिथे येणाऱ्या बऱ्याच मशीन मुळात खराब नसतात. त्या चुकीच्या वापराने मेलेल्या असतात, आणि तो वापर चुकीचा झाला कारण विकताना कुणी दोन वाक्यं बोललं नाही. सगळ्यात वाईट वाटायचं ते नुसतं पेट्रोल घालून चालवलेल्या मशीनचं. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात इंजिनचं ऑइल वेगळं घालायची जागा नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आजच्या बहुतेक मशीनना ५० ला १, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते न सांगितल्यावर काय होतं ते सायलेन्सर काढून टॉर्च मारला की दिसतं: पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूवर उभे ओरखडे, धातू करडा पडलेला, रिंग खाचेत चिकटून बसलेली. स्टार्टरची दोरी ओढली तर विचित्र हलकी जाते, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उरलेलंच नसतं. समोर उभा असलेला माणूस विचारतो, "वॉरंटीत आहे ना?" त्याला नाही म्हणताना जीव तुटतो. मशीन त्याने कधी कधी एकाच टाकीवर चालवलेली असते.

आता चांगला डीलर काय करतो ते बघा. तो खोकं बंद अवस्थेत देतच नाही. आधी विचारतो: काय कापायचं आहे? घराभोवतीच्या फांद्या, सरपण, की उभी झाडं? वर्षातून किती वेळा? कितीतरी माणसं मोठी मशीन मागायला येतात आणि त्यांच्या कामाला लहान पुरते. लहान बारची (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी), हलकी मशीन त्यांच्या हातात जास्त सुरक्षित असते. हे सांगून डीलर स्वतःची विक्री कमी करून घेतो, आणि तरीही सांगतो, कारण हा माणूस धार लावायला परत आपल्याकडेच येणार आहे हे त्याला ठाऊक असतं. मग तो बार आणि चेन बसवतो, चेनचा ताण लावून दाखवतो, हाताने ओढून ती मोकळी फिरते का ते बघायला लावतो. नवी चेन पहिल्या वापरात लांबते, तेव्हा थांबून पुन्हा ताण बघा. पण गरम असताना आवळली असेल तर काम झाल्यावर सैल करा, कारण थंड झाली की ती आकसते आणि बारवर आणि इंजिनच्या दांड्यावर (क्रँकवर) ओढ येते. मग मशीन चालू करतो. बारचं टोक एका पुठ्ठ्यावर धरून रेस देतो, पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली की चेनला ऑइल पोचतंय हे कळलं. शेवटी ब्रेक: पूर्ण वेगात असताना मनगटाने पुढची मूठ-ढाल ढकलायची, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. हे सगळं तो स्वतः करतो आणि मग गिऱ्हाइकाला करायला लावतो. ही दुसरी पायरी महत्त्वाची.

ब्रेकवर एवढा भर का, तर किकबॅक. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की चेन तिथे अडकते आणि अख्खी बार मागे, वर, थेट माणसाच्या तोंडाकडे उसळते. डोळ्याचं पातं लवायच्या आत. हात आडवा करायला वेळच मिळत नाही. म्हणून तर ढाल मनगटाला लागून किंवा नुसत्या झटक्यानेही ब्रेक पडावा अशी रचना असते. मशीन विकणाऱ्याने हा चतकोर भाग बोटाने दाखवला पाहिजे. मॅन्युअलमध्ये चित्र असतंच, पण मॅन्युअल उघडून कामाला लागणारी माणसं मी फार थोडी पाहिली. कापरोधक पँटचंही तेच. लोकांना वाटतं ती जाड कापडाची आहे म्हणून वाचवते. ती वाचवते आतल्या लांब धाग्यांमुळे; चेन कापडात शिरली की ते धागे ओढले जातात, चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात (स्प्रॉकेटमध्ये) गुंडाळतात आणि चेन जाम होते. हे एकदा समजलं की माणूस उकाड्यातही पँट घालतो. न समजता घेतलेली पँट खुंटीवर लटकते.

आणि धार. चेनसॉ म्हणजे धार, बाकी सगळं त्या धारेला फिरवण्यासाठी आहे. आजच्या चेनच्या दाताचा वळलेला आकार अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४० च्या दशकात काढला, लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखून. अळी डावीकडून-उजवीकडून लाकूड तासत जाते, तसेच हे दात आलटून पालटून डावे-उजवे. प्रत्येक दातापुढे एक बुटकी गाठ असते, डेप्थ गेज, दात लाकडात किती खोल जाईल ते ती ठरवते. कानशीने दात घासत गेलं की दात बुटका होतो, पण गाठ तेवढीच राहते, आणि मग धार असूनही मशीन कापत नाही. लोक जोर लावतात. भुसा पिठासारखा पडतो, बार तापते, इंजिन कण्हतं, आणि माणूस म्हणतो मशीनच भिकार निघाली. चांगल्या डीलरकडे भुसा दाखवला तरी तो सांगतो काय झालं: जाड कपचे पडत असतील तर धार आहे, पीठ पडत असेल तर नाही. ही माहिती कुठल्याही खोक्यावर छापलेली नसते.

आता बड्या रिटेल दुकानांचा हिशोब बघू. त्यांचा माल ठरवणारा माणूस शेल्फवर किती जागा, किती भाव, किती उठाव, एवढं बघतो. त्याचं कामच ते आहे, त्याला मी दोष देत नाही. पण त्याला एक ठरावीक भाव हवा असतो, आणि कंपनीला तो भाव गाठायचा असेल तर कुठेतरी कापावंच लागतं. शिवाय कंपनीची निम्मी विक्री एका गिऱ्हाइकावर गेली की पुढच्या वर्षी भाव कोण ठरवणार हे उघड आहे. मग माल परत येण्याचा प्रश्न. मशीन चालू होत नाही म्हणून माणूस ती काउंटरवर आणून ठेवतो, दुकान पैसे परत करतं. गिऱ्हाईक खूश. पण ती चालू का होत नव्हती, हे कुणी बघितलंच नाही. चोक लावून जास्त वेळा दोरी ओढली म्हणून फ्लड झाली, म्हणजे आत पेट्रोल जास्त गेलं असेल, जुनं पेट्रोल असेल, स्पार्क प्लग ओला असेल. शिकलं कुणीच नाही: ना गिऱ्हाईक, ना दुकान, ना कंपनी.

म्हणून मला काही कंपन्यांच्या निर्णयांबद्दल मनापासून आदर वाटतो. स्टील (Stihl) ही चेनसॉ बनवणारी जर्मन कंपनी, आंद्रेआस स्टील यांनी १९२६ मध्ये श्टुटगार्टला सुरू केली, आजही कुटुंबाच्याच मालकीची. अमेरिकेत ती होम डेपो आणि लोव्ज या दोन अवाढव्य दुकानांतून विकत नाही. २००० च्या दशकात तर तिने वर्तमानपत्रांत या दोघांची नावं घेऊन जाहिरात दिली, की आमचा माल तिथे मिळत नाही, कारण आमचा भरवसा दुरुस्ती करणाऱ्या स्वतंत्र डीलरांवर आहे. जगातली सगळ्यात मोठी दुकानं दार उघडून उभी असताना नाही म्हणणं सोपं नसतं. कुटुंबाची कंपनी असल्यामुळे दर तीन महिन्यांनी शेअर बाजाराला उत्तर द्यायचं नव्हतं, हाही भाग त्यात असणार. दुसरं उदाहरण चेनसॉचं नाही, पण त्याच बिरादरीतलं आहे: स्नॅपर या गवत कापायच्या मशीनच्या कंपनीचे प्रमुख जिम वीअर २००२ मध्ये बेंटनव्हिलला वॉलमार्टच्या मुख्यालयात गेले आणि यापुढे तुम्हाला माल देणार नाही असं समोरासमोर सांगून आले. वॉलमार्टला! त्यांचं म्हणणं असं होतं की स्नॅपर ज्या दर्जासाठी ओळखली जाते तो आणि वॉलमार्टचा भाव हे एकत्र नांदू शकत नाहीत, आणि डीलर दुखावले तर कंपनीचा पायाच जाईल.

उलट बाजूही आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. हुस्कवार्ना ही स्वीडनची कंपनी १६८९ साली बंदुका बनवण्यासाठी सुरू झाली आणि १९५९ पासून चेनसॉ बनवते. ती डीलरांकडूनही विकते आणि अमेरिकेत बड्या दुकानांतूनही विकत आली. तिच्या मशीन उत्तम असतात, जंगलात रोज काम करणारी माणसं त्या वापरतात. तेव्हा बड्या दुकानात मिळते ती मशीन वाईटच, असं माझं म्हणणं अजिबात नाही. माझी तक्रार मशीनबद्दल नाही, तिच्या मागे कोण उभं आहे याबद्दल आहे. बड्या दुकानातून घेतलेली हुस्कवार्ना शेवटी डीलरच्याच टेबलावर येते, कारण बड्या दुकानात टेबलच नसतं. नफा एकाने घ्यायचा आणि मशीन उघडायची दुसऱ्याने. वॉरंटीच्या कामाला कंपनी जी मजुरी देते ती बऱ्याचदा प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला पुरत नाही; डीलर ते सोसतो, कारण विक्रीवर चार पैसे सुटलेले असतात. विक्री दुसरीकडे गेली की सोसायला उरतं काय? त्यात माणसं डीलरकडे येऊन अर्धा तास मशीन हाताळतात, सगळं विचारून घेतात, आणि विकत दुसरीकडून घेतात. हे मला फार लागतं. त्या अर्ध्या तासाला किंमत आहे, आणि ती मशीनच्या भावातूनच वसूल होते.

पण डीलरांनीही स्वतःकडे बघावं. नवशिक्या माणसाला, विशेषतः बाईला, काउंटरवर ताटकळत ठेवायचं आणि ओळखीच्या लाकूडतोड्याशी गप्पा मारायच्या, हे मी पाहिलं आहे. तिने प्रश्न विचारला की उत्तर तिच्या सोबतच्या पुरुषाकडे बघून द्यायचं, हेही पाहिलं आहे. ती बाई बड्या दुकानात गेली तर तिचं काय चुकलं? तिथे निदान कुणी तिला अडाणी ठरवत नाही. वादळानंतर सगळ्यांना एकाच वेळी मशीन लागतात, तेव्हा दुरुस्तीला आठवडेच्या आठवडे लावायचे आणि फोन उचलायचा नाही, हाही प्रकार आहे. डीलर लहान आहे म्हणून मी त्याची बाजू घेत नाही. त्याच्याकडे काम येतं आणि तो ते करतो, म्हणून घेतो. जो करत नाही त्याची कंपनीने डीलरशिप काढून घ्यावी.

याच विषयावर फ्रान्समध्ये एक निकाल झाला, त्यावर मी बराच विचार केला आहे. स्टीलने आपल्या डीलरांवर अट घातली होती की मशीन गिऱ्हाइकाच्या हातात समोरासमोर, समजावूनच द्यायची. २०१८ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने या अटीसाठी कंपनीला ७० लाख युरोंचा दंड केला. युक्तिवाद असा की अशी अट म्हणजे डीलरच्या वेबसाइटवरून होणाऱ्या विक्रीवर बंदीच, आणि कुठलाही कायदा या मशीनसाठी समोरासमोर हस्तांतर सक्तीचं करत नाही. निवडक डीलरांमार्फतच विकणं मात्र त्यांनी योग्य मानलं, आणि दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारात विकू नका असं डीलरना सांगणंही. मला हा निकाल अर्धाच पटतो. दूरच्या गावातल्या माणसाने चांगल्या डीलरच्या साइटवरून मशीन मागवली तर तो बंदी घालण्याजोगा गुन्हा नाही, हे खरं. पण कायदा समोरासमोर देणं सक्तीचं करत नाही, हा माझ्या लेखी कायद्याचा अपुरेपणा आहे. टेबलावर आलेला प्रत्येक जळका पिस्टन मला तेच सांगत होता.

आता बॅटरीवरच्या चेनसॉमुळे हे सगळं जुनं झालं, असं म्हणणारे भेटतात. पेट्रोल नाही, ऑइल मिसळणं नाही, कार्ब्युरेटर नाही, मग डीलर कशाला? इंजिनच्या अर्ध्या तक्रारी संपल्या हे मान्य. पण चेन तीच आहे, धार तशीच जाते, बारला ऑइल लागतंच, आणि टोकाचा तो चतकोर भाग बॅटरीला ओळखत नाही. उलट आवाज कमी आणि वजन हलकं असल्यामुळे माणसं ती खेळण्यासारखी एका हाताने उचलतात. बॅटरीच्या मशीन बड्या दुकानांत सगळ्यात जास्त विकल्या जाणार, हे दिसतंच आहे. कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. विका तिथेही, थांबवता येणार नाही. पण प्रत्येक विकलेल्या मशीनमागे ठरावीक रक्कम जवळच्या डीलरला द्या, आणि पहिली धार व पहिली तपासणी त्याच्याकडे फुकट ठेवा. म्हणजे माणूस एकदा तरी त्या टेबलापर्यंत येईल, ब्रेक स्वतःच्या मनगटाने पाडून बघेल, आणि त्याला हे शिकवणाऱ्याच्या हातात त्या कामाचे पैसे पडतील. तुमच्यापैकी कुणी डीलर असाल, किंवा बड्या दुकानात मशीन विकत असाल, तर हे व्यवहारात कुठे अडेल ते जरूर लिहा.