एकही वीट नाही, सर!

बिल्डरच्या सेल्स ऑफिसातल्या मुलाने ज्या गोष्टीचं सगळ्यात जास्त कौतुक केलं होतं, तिनेच पुढे आमच्या वाय-फायचा गळा आवळला. "पूर्ण मायवान आहे. एकही वीट नाही, सर!" असं म्हणत त्याने सॅम्पल फ्लॅटच्या भिंतीवर थाप मारली. मीही मारली. नारळ घेताना वाजवून बघतात तशी. नेमकं काय ऐकू यायला हवं, हे मला नारळाच्या बाबतीतही कधी कळलेलं नाही.

मायवान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करायचे, आत सळयांची जाळी बांधायची आणि भिंती, स्लॅब सगळं एकदमच ओतायचं. मजले भराभर चढतात. पुण्याजवळ पुनावळे-ताथवड्याकडे जे टॉवर उभे राहतायत, त्यांत हा प्रकार सर्रास. त्यामुळे घरातली पार्टिशनची भिंतसुद्धा सळयांसकट काँक्रीटची. कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तरी ड्रिलवाला बोलवावा लागतो. या भिंतीतून तोफगोळा आत येणार नाही याची मला खात्री आहे, पण पुनावळ्यात तशी भीती फारशी नव्हतीच. भीती होती ती मास्टर बेडरूममध्ये नेट चालेल का याची.

नाही चालणार, हे फायबरवाला मुलगा येऊन गेल्यावर कळलं. डक्टमधून वायर दारापाशी निघत होती, म्हणून त्याने राउटरचा डबा दारापाशीच, चपलांच्या कपाटात बसवला. "पूर्ण घरात मिळेल ना?" "मिळणार ना सर, फुल रेंज आहे." मग त्या डब्यापासून हातभर अंतरावर उभं राहून त्याने मला स्पीड टेस्ट दाखवली. आकडा खरोखर भव्य होता. चपला घालता घालता ज्याला सिनेमा डाउनलोड करायचा असेल, त्याच्यासाठी तर आदर्श सोय. हॉलमध्ये रेंज दोन कांड्या, किचनमध्ये एक, आणि मास्टर बेडरूममध्ये फोन नुसता गोल गोल फिरत बसायचा. बायकोचं ऑफिस अमेरिकेच्या वेळेवर चालतं. रात्री साडेदहाला ती लॅपटॉप घेऊन चपलांच्या कपाटासमोर स्टूल टाकून बसायची आणि पलीकडे टेक्सासमध्ये कुणाला तरी, मागे दिसतंय ती बुटांची लायब्ररी आहे का, असा प्रश्न पडायचा.

तेव्हा मी अभ्यासाला लागलो. वाय-फायचे मुख्य दोन पट्टे. २.४ गिगाहर्ट्झचा भिंतींतून बरा घुसतो, पण हळू आणि गर्दीचा. ५ गिगाहर्ट्झचा सुसाट, पण भिंत दिसली की अवसान गळतं. २.४ मध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. आमच्या मजल्यावर उभं राहून फोन उघडला, तर आजूबाजूच्या फ्लॅटांची वाय-फाय नावं स्क्रीनभर खाली खालीच जात राहतात. ती सगळी या तीन गल्ल्यांत घुसलेली.

दुकानात गेल्यावर राउटरच्या खोक्यांवरचे आकडे. एएक्स ३०००! मला वाटलं तीन हजारांचा स्पीड. तर ते ५७४ अधिक २४०२ असतं. दोन्ही पट्ट्यांची कागदावरची कमाल बेरीज, वर राउंड करून. एका फोनला दोन्ही एकदम मिळत नाहीतच. नवऱ्याचा पगार, बायकोचा पगार आणि सासऱ्यांची पेन्शन मिळून घरातल्या प्रत्येकाचं उत्पन्न अमुक, असं सांगण्यातला हा प्रकार. आणि आमचं फायबरचं कनेक्शन मुळात २०० एमबीपीएसचं. हे मी दुकानदाराला म्हटलं, तर तो म्हणाला, "सर, फ्युचर प्रूफ राहतं." या दोन शब्दांपुढे मध्यमवर्गीय माणूस हमखास पाकीट काढतो.

शेवटी मेश घ्यायचं ठरलं. म्हणजे एकाऐवजी दोन-तीन डबे घरभर ठेवायचे आणि त्यांनी आपसात बोलून रेंज पसरवायची. पण हे बोलणं हवेतून करायचं तर पुन्हा त्याच भिंती आड. डब्याडब्यांमध्ये कॅट सिक्सची, म्हणजे नेटची वायर टाकली, तरच त्याला अर्थ. माझं प्रामाणिक मत विचाराल, तर नव्या घरात पैसे घालायचे ते या वायरीत, आणि फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आधी. बाकी सगळं नंतर बदलता येतं.

बिल्डरने हॉलपासून मास्टर बेडरूमपर्यंत एक रिकामा पाइप दिलेला होता. नकाशात तो होता, दोन्ही टोकांना बोर्डात त्याची तोंडंही होती. वायरमनने बेडरूमकडून स्प्रिंग आत सोडली, मी हॉलमध्ये तोंडाशी कान लावून बसलो. "आली का?" "नाही." "आता?" "खरखरतंय." "खरखरतंय म्हणजे कुठं?" हे मला काय ठाऊक! त्याने स्प्रिंग मागे ओढली, टोकाला तेल लावलं, पुन्हा रेटली. टोक बाहेर आलं तेव्हा त्यावर राखाडी भुकटी चिकटलेली. त्याने ती दोन बोटांत चोळली, वासही घेतला. आमच्या घरातल्या एकाही डॉक्टरने इतक्या गंभीरपणे निदान केलेलं नाही. "ओतताना आत माल गेलाय साहेब. पाइप चोक." "मग भिंत कापू?" मी विचारलं. त्याने भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नुसताच हसला. मायवानची भिंत कापायची नाही, असं पझेशनच्या कागदांत मीच सही करून कबूल केलेलं होतं. वायर शेवटी फॉल्स सीलिंगच्या वरून फिरून गेली. तेवढ्यासाठी पॅसेजमध्येही सीलिंग करावं लागलं, आणि तिथलं सीलिंग आलं म्हणून तिथे लाइटही आले.

दुसऱ्या डब्याची जागा हा वेगळाच तंटा. जागा मोकळी हवी, उंचावर हवी, घराच्या मधोमध हवी. जवळ आरसा नको, फ्रिज नको, कारण धातूपुढे सिग्नल परततो. या सगळ्यात बसणारी जागा आमच्या घरात एकच निघाली, आणि तिथे आईने आधीच देव मांडलेले. वास्तुवाल्याचा सल्ला काढला, तर तो म्हणाला, विजेच्या वस्तू आग्नेयेला. आग्नेयेला आमचं किचन आणि त्यात मायक्रोवेव्ह. तो चालतोही बरोबर २.४ च्या पट्ट्यातच, त्यामुळे पोहे गरम होईपर्यंत शेजारच्या राउटरची बोबडी वळते. हे शास्त्र मी आईला नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग देवांच्या बाजूला ठेव, पण निरांजनाच्या वर नको. आणि अंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही." तेव्हापासून राउटर रीस्टार्ट करायचा झाला की मी सोवळ्यात असतो.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण इंटिरियरवालीने "होम ऑटोमेशनवाल्यांना एकदा भेटून तर घ्या" म्हटलं आणि एक गुळगुळीत तरुण कोटेशनसकट घरी आला. साडेतीन लाख, अधिक जीएसटी. टॅबलेटवर एक बोट टेकवलं की पडदे सरकतात, दिवे मंद होतात, एसी चोवीसवर येतो. "हा मूव्ही सीन. हा पार्टी सीन. हा गुड नाइट सीन." मी भारावलो होतो. बायकोने विचारलं, "हे टच पॅनल पुसायचं कसं?" "मॅडम, मऊ कापडाने." "नाही, म्हणजे मावशी ओलं फडकं मारतात. मारलं तर?" तरुण क्षणभर थांबला. फडकं वरून खाली फिरलं तर क्रमाने मूव्ही, पार्टी आणि गुड नाइट होणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "चाइल्ड लॉक आहे ना मॅडम." "आणि तुमची कंपनी बंद पडली तर?" यावर त्याने चहा संपवला. हा प्रश्न खोचक वाटतो, पण अगदी रास्त आहे. कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा दिवा सर्व्हर गेला की नुसता दिवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी घरातल्या घरात बोलाव्यात म्हणून २०२२ मध्ये 'मॅटर' नावाचं मानक आलं. ते आहे का, असं मी विचारलं. "येणाराय, अपडेटमध्ये," तो म्हणाला. पझेशनची तारीख बिल्डर असाच सांगायचा.

मधला मार्ग निघाला तो वायरमनच्या मार्फत. जुनीच टकटक वाजणारी बटणं ठेवायची आणि त्यांच्या पाठीमागे बोर्डात छोटी डबी बसवायची. बटणही चालतं, फोनही चालतो. फक्त डबीला न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) लागतो. प्लग असलेल्या बोर्डात तो असतोच, पण पलंगाशेजारच्या टू-वे बटणांच्या बोर्डात फेजचीच ये-जा. "इथं न्यूट्रलच नाही साहेब." म्हणजे जिथे झोपल्या झोपल्या दिवा बंद व्हावा म्हणून हा सगळा खटाटोप, तेवढी एकच जागा राहिली. पंख्यांचंही तसंच. वीज वाचते म्हणून बीएलडीसी पंखे घेतले, ७५ वॅटच्या जागी तिशीत काम भागतं. त्यांना स्मार्ट रेग्युलेटर जोडायचा नाही, असं नंतर समजलं. त्यांना स्वतःचा रिमोट असतो. तो कुठे असतो, हे कुणालाच माहीत नसतं.

मुलीच्या हट्टाने स्पीकर आणि रंगीत बल्ब आले. स्पीकरला इंग्रजी येतं, हिंदी येतं. आई त्याच्याशी भाजीवाल्या भैयाच्या हिंदीत बोलते. "सुनो, वो हॉल का लाइट जरा बंद करो ना, उगाच जलता है." त्याला 'उगाच' पेलत नाही. तो विनम्रपणे माफी मागतो, मग आईलाच वाईट वाटतं. बल्बांची तऱ्हा निराळी. गुरुवारी आमच्याकडे महावितरणची दुरुस्ती असते, वीज जाते. ती परत आली की हे बल्ब आपली गेलेली अवस्था विसरून पूर्ण ताकदीने पांढरेशुभ्र पेटतात. दिवसा चालून जातं. एकदा मध्यरात्री झटका आला आणि घरातल्या सगळ्या खोल्या एकदम उजळल्या. आईला वाटलं, पहाट झाली. तिने चहा टाकला. अ‍ॅपमध्ये त्याची सेटिंग असते, ती मुलीने दुसऱ्या दिवशी शोधली. चहा मात्र आम्ही सगळ्यांनी प्यायला.

पण या साऱ्या व्यवस्थेचा खरा विरोधी पक्ष म्हणजे अण्णा. सांगलीहून ते आले की घरातल्या प्रत्येक खोलीला आपोआप मोशन सेन्सर बसतो. तुम्ही पाणी प्यायला उठलात, की पंखा बंद. त्यांच्या लेखी रात्री झोपताना घरातलं एकही लाल टिपूस चमकता कामा नये. त्यामुळे दहाला ते फेरी मारायचे आणि टीव्ही, स्पीकर, बल्ब, दोन्ही राउटर, सगळ्यांची बटणं खटाखट खाली. साडेदहाला टेक्सासशी संपर्क तुटायचा. "अण्णा, राउटर दहा वॅटचा असतो, महिन्याला सात युनिट होतात फक्त." "सात युनिट फुकट येतात का?" त्यांच्याकडे कालनिर्णयाच्या पाठीमागे दुधाच्या हिशेबाशेजारी मीटरचं रीडिंग लिहिलेलं असतं. आणि ज्याचं बटण भिंतीवरच बंद आहे, तो बल्ब कितीही स्मार्ट असला तरी काय करणार?

त्यांना गप्प करावं म्हणून मी गिझरला सोळा अँपिअरचा स्मार्ट प्लग बसवला आणि फोनवर दाखवला. गिझर २००० वॅटचा. स्क्रीनवर आकडा पळताना दिसतो, अर्ध्या तासात एक युनिट. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. "म्हणजे कोण किती वेळ तापवतं, ते सगळं यात दिसतं?" दिसतं, म्हटलं. "मागच्या आठवड्याचंसुद्धा?" दिसतं. त्यांनी फोन पुढे केला. "मला घालून दे हे."

मी घालून दिलं. राउटरची बटणं आता रात्री कुणी बंद करत नाही, कारण राउटर बंद केला तर गिझर दिसत नाही, हे अण्णांना पहिल्याच दिवशी उमगलं. दसऱ्यानंतर ते सांगलीला परत गेले. आता तिथल्या झोपाळ्यावर बसून ते उंटावरून आमच्या शेळ्या हाकतात. काल सकाळी मी डोक्याला साबण लावलेला असताना बाथरूमच्या दारावर टकटक झाली. बायको फोन हातात घेऊन उभी होती.

"अण्णांचा आहे. विचारतायत, आत कोण आहे. पंचवीस मिनिटं झाली म्हणे, बंद करतोय."