जाहिरातीनं वकील सापडत नाही

दादाच्या मुलानं परवा फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "काका, तुमच्याकडे अमेरिकेत बरं आहे. वकील उघड जाहिरात करतात, रेटिंग असतं, केस जिंकल्याशिवाय फी नाही. इथे नुसता अंधार." त्यावर भराभर अंगठे उमटले. लिहिणाऱ्याचं वय लहान आहे, त्याला माफ. अंगठे देणारे मात्र सगळे माझ्या वयाचे.

विषय आत्याच्या दुकानाचा आहे. इंदूरला रामबागेत तिचं घर, खाली रस्त्याला लागून दुकान, भाडेकरू फार जुना आणि भाडं सांगायची लाज वाटावी इतकं. तिच्या धाकट्या मुलाला तिथे औषधांचं दुकान काढायचंय, भाडेकरू हलत नाही. दावा करायचा हे ठरलं, वकील कोण हे ठरत नाही. दादाचं म्हणणं, वकील आपल्या माहितीतला हवा. त्याच्या मुलाचं म्हणणं, अमेरिकेसारखं असतं तर फोनवर बघून निवडला असता. आणि अमेरिका म्हटली की सगळे माझ्याकडे बघतात.

आता अमेरिकेचं सांगतो. इथे टेक्सासात प्लेनोहून डॅलसला जाताना सेव्हन्टी-फाइव्ह हायवेवर वकिलांचे फलक लागतात. ट्रकची धडक बसली? फोन करा. गारा पडून गेल्या की आठवड्याभरात छपराच्या विम्याच्या क्लेमचे वकील झळकतात. हे सगळं १९७७ च्या एका निकालामुळे. फिनिक्सच्या दोन तरुण वकिलांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आणि त्या जाहिरातीत चक्क दरपत्रक होतं: दोघांच्या संमतीचा घटस्फोट १७५ डॉलर, कोर्टाचे २० वेगळे. बार असोसिएशननं कारवाई केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्ट म्हणालं, नेहमीच्या कामाचे दर लोकांना कळू देत. आज त्या फलकांवर वकिलाचा चेहरा दिसतो, करोडोंचे आकडे दिसतात, फोन नंबर दिसतो. दर तेवढा दिसत नाही.

"जिंकल्याशिवाय फी नाही" हे खरं आहे, पण अपघाताच्या केसला. भरपाईतला साधारण तिसरा हिस्सा वकील घेतो, म्हणून भरपाई मोठी असेल तरच तो केस घेतो. माझ्या छपराचा कंत्राटदार उचल घेऊन पसार झाला तेव्हा त्या फलकांवरच्या एकाही ऑफिसला माझ्यात रस नव्हता. अशा कामाला तासाचा दर. आधी रिटेनर, म्हणजे आगाऊ रक्कम, भरायची, मग सहा-सहा मिनिटांचा हिशोब. तुमची ईमेल वाचली, सहा मिनिटं. तुम्ही आभार मानले ते वाचले, सहा मिनिटं. शेवटी रक्कम वीस हजार डॉलरच्या आत होती म्हणून जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, मी स्वतःच उभा राहिलो. तिथे काय मांडायचं हे एका वकीलबाईंनी तासभर बसून सांगितलं आणि तासाचेच पैसे घेतले. त्यांचं नाव कुठून मिळालं? ऑफिसातल्या तेलुगू सहकाऱ्याच्या बायकोकडून. म्हणजे ओळखीतूनच. हे ग्रुपवर लिहिलं तर दादा नाचेल, म्हणून तिथे लिहिलं नाही.

आपल्याकडे बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमानं वकिलाला जाहिरातीची बंदी आहे. २००८ पासून स्वतःच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, कोणत्या प्रकारची कामं करतो एवढंच लिहायची मुभा. २०२४ च्या जुलैत मद्रास हायकोर्टानं वकिलांना ऑनलाइन गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या पोर्टलांवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हापासून आमच्या तरुण मंडळींना हा अन्याय वाटतो. बंदी जुनाट आहे, कबूल. ज्या इंग्रजांकडून हा शिष्टाचार घेतला त्यांनी तो ऐंशीच्या दशकातच सोडला. पण बंदी उठली तर एम.जी. रोडवर हायकोर्टासमोर काय दिसेल? ज्याच्याकडे पैसा त्याचा मोठा फलक. आत्याचं काम कोणाला येतं हे त्यावर लिहिलेलं नसेल.

खरा प्रश्न तोच आहे. दादाच्या "माहितीतले" वकील म्हणजे आत्याच्या यजमानांच्या मित्राचा मुलगा. सज्जन माणूस. पण त्याचं सगळं काम चेक बाउन्सचं, कलम १३८ चं. तो म्हणाला, दिवाणी कोर्टात दावा टाकू, पाच-सात वर्षं धरून चला. आत्या विधवा आहे हे त्याला माहीत आहे, तिच्या घरी तो जेवलेला आहे. तरी मध्य प्रदेशच्या १९६१ च्या भाडे कायद्यात विधवेसाठी वेगळी वाट आहे हे त्याच्या तोंडून निघालं नाही. कलम २३-अ. विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा मालकांना स्वतःच्या किंवा सज्ञान मुलाच्या धंद्यासाठी जागा हवी असेल तर थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि भाडेकरूला लढायचं तर आधी परवानगी मागावी लागते. रोज ही कामं करणाऱ्या वकिलाला हे झोपेतही आठवेल. ज्याला आठवत नाही तो घरचा असला म्हणून काय?

असा माणूस शोधायचा कसा? ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावानं शोधता येतं. चालू केस कोणत्या, निकाली किती, आदेश उघडले की हेही दिसतं की पेशीला, म्हणजे सुनावणीला, कोण उभं होतं आणि मुदत कोणी मागितली. भाडे प्राधिकाऱ्यासमोरचं काम तिथे दिसणार नाही, पण त्याच्या आदेशावरची रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, हायकोर्टात जाते, तेव्हा इंदूर खंडपीठात तीच तीच नावं भेटतात. मी इथे रात्री बसून काढली. मग त्यांना समोर बसून विचारायचं: २३-अ ची कामं हल्ली केली आहेत का, पेशीला तुम्ही येणार की ज्युनिअर, फी टप्प्यानं की एकरकमी, आणि कागदावर द्याल का. जो म्हणेल "हे काम माझं नाही, अमक्याकडे जा" त्याचा नंबर जपून ठेवायचा.

दादाला भीती, की नंतर वकील बदलला तर जुना फाईल अडवून ठेवेल. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय. मात्र २०२४ च्या मेमध्ये त्याच कोर्टानं हेही सांगितलं, की वकिलाच्या कामाची तक्रार ग्राहक मंचात चालणार नाही. म्हणजे पारख करायची ती वकालतनाम्यावर सही करण्याआधी.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दादाचं उत्तर, "तुला इथलं काय माहीत?"

लागलं. कारण यातलं काहीही मला इंदूरनं शिकवलेलं नाही, स्क्रीनवर वाचलेलं आहे. बाबांबरोबर लहानपणी जिल्हा कोर्टात जायचो तेव्हा टायपिस्टपासून मुन्शीपर्यंत लोक बाबांना नावानं हाक मारायचे. कोणता वकील पेशीला येतच नाही हे त्यांना चहावर कळायचं. दादाला आजही तसंच कळतं, निदान कळू शकतं. मी ओळखीवर एवढा तुटून पडतो याचं एक कारण हेही असेल, की माझी तिथे कोणाशी उरलेली नाही. घरात मला विचारतात ते "तुमच्याकडे कसं असतं". काय करू या, हे विचारायचं कधीच बंद झालं. आणि इथे मंडळाच्या गणपतीत मी इंदूरवर तासभर बोलतो, जणू काल तिथून आलो.

डिसेंबरात येतो, वकिलाकडे बरोबर बसतो, असं आत्याला कळवलं. तिचा व्हॉइस मेसेज आला. "ये रे बाळा, पण वकिलाकडे तू नकोस. अमेरिकेवाला मुलगा आहे कळलं तर फी दुप्पट सांगतील."

तिचं चूक नाही. प्रश्नांची यादी मी दादाच्या मुलाला पाठवली आहे, माझं नाव काढू नकोस असं बजावून. त्यानं त्यावर अंगठा दिलाय.