वचनांइतकीच मजुरीची शिकवणही महत्त्वाची

रोज सकाळी पोप महोदयांचे एखादे वचन वाचून दिवसाची सुरुवात करावी, असे सुचवणारा लेख वाचला. ही सूचना चांगली असली, तरी कॅथलिक शिकवणुकीचा सर्वांत व्यवहारोपयोगी भाग, म्हणजे श्रम आणि मजुरी यांविषयीचा विचार, त्या लेखात आलाच नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते की, मजुराने नाइलाजाने कमी मजुरी मान्य केली, तरी तेवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. तिच्यावर त्याचा, काटकसरीने का होईना, निर्वाह झाला पाहिजे. विद्यमान पोप चौदावे लिओ यांनी २०२५ मध्ये हे नाव घेतले, तेही मुख्यतः याच परिपत्रकाचे स्मरण ठेवून.

आमच्या नागपुरात मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे खाडे कॅलेंडरवर फुल्या मारून मोजले जातात आणि पगारातून कापले जातात. ‘तिलाही ते मान्य आहे’ हे समर्थन तयारच असते. (सेमिनरी हिल्स या इथल्या टेकडीवर फिरायला जाणारे आम्ही सुशिक्षितही याला अपवाद नाही.) मी ख्रिस्ती नाही, परंतु आमच्या घरी कामवाल्या ताईंना भरपगारी सुट्ट्या सुरू झाल्या, त्या या परिपत्रकाच्या वाचनानंतरच.