आमच्याकडं तर चालतंय की!

जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेतली लायब्ररी, म्हणजे पानांत जोडायचा तयार कोड, लिहून झाली का? मग आता तुमच्याच लॅपटॉपवर, तुमच्याच क्रोममध्ये, सोलापुरात होटगी रोडच्या तुमच्याच खोलीत बसून ती एकदा चालवून बघा. चालली? झाली चाचणी. फायरफॉक्स उघडायचा नाही. आयफोनवाली सफारी तर आपल्याकडं नाहीच, आणि जी वस्तू आपल्याकडं नाही तिच्यात बिघाड निघेलच कसा?

समजा, ही लायब्ररी चादर-टॉवेलच्या ऑर्डरी घेणाऱ्या फॉर्मसाठी आहे. मालकांना गड्ड्याच्या जत्रेआधी माल पोहोचवायचाय. तुम्ही डिलिव्हरीची तारीख '२०२६-०१-१० १०:००:००' अशी, मध्ये मोकळी जागा सोडून, जावास्क्रिप्टच्या डेटला, म्हणजे तारखा वाचणाऱ्या सोयीला, दिलीत. क्रोमनं मुकाट्यानं घेतली. संध्याकाळी मालकांचा फोन येतो, "ओ सर, पोरीच्या जुन्या आयफोनवर तारखेच्या जागी इनव्हॅलिड डेट असं कायतरी येतंय." गडबडून जाऊ नका. शांतपणे म्हणा, "आमच्याकडं तर चालतंय की!" या वाक्यावर अजून कुठल्याही गिऱ्हाइकाला उत्तर सुचलेलं नाही. प्रमाणाप्रमाणे तारीख आणि वेळ यांच्यामध्ये टी हे अक्षर लागतं. तिथं मोकळी जागा दिसली तर काय करायचं, हे भाषेनं ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडलंय, आणि सफारीची मर्जी वर्षानुवर्षं निराळी होती. पण हे मालकांना कशाला सांगायचं?

कुणी फारच मागे लागलं तर टी घाला, मात्र शेवटी +०५:३०, म्हणजे आपलं घड्याळ ग्रिनिचच्या किती पुढं ते, लिहायचा मोह आवरा. नुसती टी घातलेली वेळ इथली धरायची की ग्रिनिचची, यावर भाषेच्या प्रमाणाच्या २००९ च्या आवृत्तीनं, ईएस५ नं, एक सांगितलं, २०१५ च्या ईएस६ नं नेमकं उलटं सांगितलं, आणि ब्राउझर आपापल्या सवडीनं सुधारत गेले. त्यामुळं जुन्या सफारीत तुमचा सकाळी दहाचा टेम्पो दुपारी साडेतीनला निघतो. निघू दे. टेम्पो कधी वेळेवर निघालाय?

तरीही मालक ऐकेनात, तर हुकमी सल्ला द्या: "आयफोनवर क्रोम टाकून बघा." बिचारी पोरगी क्रोम टाकेल आणि तिथंही तोच बिघाड दिसेल, कारण अॅपलच्या नियमामुळं आयफोनवरच्या क्रोमच्या पोटात सफारीचंच वेबकिट, म्हणजे पानं दाखवणारं इंजिन, असतं. २०२४ पासून युरोपीय संघात या नियमाला सूट मिळालीय; पण अक्कलकोट रोडची एमआयडीसी अजून युरोपात गेलेली नाही. तोवर दोन दिवस तर निघाले!

आता मुख्य विद्येकडं वळू. ब्राउझरला एखादी गोष्ट येते का, हे विचारत बसू नका. त्याचं नाव वाचा आणि निकाल द्या. नवी पेठेतला कापडवाला काय करतो ते बघा. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मराठीत एक वाक्य टाकतो, चेहरा बघून कानडीवर जातो, नाहीतर तेलुगूवर, आणि ज्या भाषेत उत्तर येईल तिच्यात सौदा करतो. किती मागासलेपणा! तुम्ही आडनाव विचारा. पाटील म्हणाला की मराठीच. मग घरी तो पिढ्यान्‌पिढ्या कानडी का बोलत असेना.

अडचण एवढीच, की इथं सगळ्यांनी एकच आडनाव लावलंय. नेटस्केप हा जुना ब्राउझर आपलं नाव मोझिला सांगायचा. इंटरनेट एक्सप्लोररला नेटस्केपसाठीची पानं मिळेनात, म्हणून त्यानं स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं. आज क्रोमच्या ओळखपत्रावर मोझिला, अॅपलवेबकिट, गेको आणि सफारी एवढी सगळी नावं आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एजनं त्या सगळ्यांसकट क्रोमचंही नाव लावून वर आपलं जोडलंय. ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा तुमच्या-माझ्यासारख्या विद्वानांचा कोड आवृत्तीचा पहिलाच आकडा वाचायचा आणि दहाची एक करायचा. शेवटी ऑपेरानंच माघार घेतली आणि आपली आवृत्ती ९.८० अशी सांगायला सुरुवात केली. याला म्हणतात दरारा! जेक्वेरी या गाजलेल्या लायब्ररीनं मात्र २०१३ मध्ये, १.९ या आवृत्तीत, ब्राउझरचं नाव सांगणारी सोयच काढून टाकली. माणसं अशी हातातलं हत्यार का टाकतात, कळत नाही.

यादी लावायची असेल तर चाचणीला दहाच चादरी घ्या. अकरावी घेऊ नका. २०१८ मध्ये ७० वी आवृत्ती येईपर्यंत आपल्या लाडक्या क्रोममध्ये दहापेक्षा जास्त नग किमतीप्रमाणे लावले, की सारख्या किमतीचे नग आपसात जागा बदलू शकायचे; दहापर्यंत सगळं जिथल्या तिथं. गोदामातल्या जुन्या अँड्रॉइडवर अजून तसला क्रोम असेल, तर मोराच्या चादरीखाली कमळाची का आली, हे मालक आणि हमाल आपसात ठरवतील.

नाव मागं राहावं असं वाटत असेल, तर लायब्ररीत न ठेवता भाषेच्या मूळ अॅरेलाच, म्हणजे याद्या ठेवायच्या सोयीलाच, आपली फंक्शनं चिकटवा. मूटूल्स या लायब्ररीनं अॅरेला फ्लॅटन नावाचं स्वतःचं फंक्शन दिलं होतं. पुढं भाषेनंच ते नाव घ्यायचं ठरवलं, तेव्हा मूटूल्सवर चालणाऱ्या जुन्या साइटी मोडायची वेळ आली. २०१८ मध्ये त्यावर केवढा गदारोळ झाला, आणि भाषेला शेवटी फ्लॅट या नावावर भागवावं लागलं. सगळ्या जगाची भाषा वाकवायची संधी सोलापुरात बसून पुन्हा कुठं मिळणार?

पॉलिफिल, म्हणजे जुन्या ब्राउझरला नव्या सोयी शिकवणारा कोड, मात्र फुकटच्या परक्या सर्व्हरवरूनच ओढा, आपल्याकडं कॉपी ठेवायची कटकट नको. पॉलिफिल डॉट आयओ हा पत्ता २०२४ मध्ये दुसऱ्याच्या हातात गेला आणि त्याच जूनमध्ये तिथून घातक कोड वाटला जाऊ लागला. लाखभर साइटी त्याच्यावर विसंबून होत्या. एवढ्या लोकांनी केलं म्हणजे चुकीचं कसं असेल?

आणि हे सगळं करूनही तक्रारी आल्याच, तर पानाच्या अगदी तळाशी, फिकट राखाडी बारीक अक्षरांत एक ओळ टाका: 'ही साइट क्रोममध्ये उत्तम चालते.' ती ओळसुद्धा जावास्क्रिप्टनंच काढा, म्हणजे ज्याच्याकडं साइट चालत नाही त्याला ती दिसायचीच नाही.