ती घाबरलेली नाही, तिला टाइमटेबल कळतं

अमेरिकन कॉलेज रोमान्सच्या कादंबऱ्या मी वाचते, आवडीने वाचते. ज्यांना नाकं मुरडायची आहेत त्यांनी आत्ताच मुरडून घ्या, पोस्ट लांबलचक आहे.

त्यातला एक ठरलेला प्रकार म्हणजे ट्यूटर आणि खेळाडू. मुलगा हॉकी खेळतो (आपली ध्यानचंदांची नव्हे, बर्फावरची, दात पाडून घ्यायची). स्टॅटिस्टिक्समध्ये गटांगळ्या खातोय, नापास झाला तर संघाबाहेर. मुलगी हुशार, पैशांची ओढाताण, म्हणून त्याला शिकवायला येते. आणि तिचा एक नियम असतो: गुंतायचं नाही. मग पुढची दोनशे पानं तळ्यात-मळ्यात. शेवटी कळतं की तिला आधी कुणीतरी फसवलेलं असतं, नाहीतर आईबापांचा घटस्फोट झालेला असतो. हिरो धीराने तिला बरी करतो आणि शेवटच्या मॅचला ती त्याची जर्सी घालून स्टँडमध्ये ओरडत असते.

माझं भांडण या 'बरी करतो'शी आहे. तिला झालंय काय?

मी त्या खुर्चीत बसलेली आहे. एमएस करताना तिकडच्या एका सरकारी विद्यापीठात मी खेळाडूंना स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि मेसमध्ये ट्रे पुसण्यापेक्षा हे बरं. गंमत म्हणजे समोर बसलेल्या खेळाडूलाही एनसीएएच्या (तिकडच्या कॉलेज खेळांवर नियंत्रण ठेवणारी संस्था) नियमाने सीझनमध्ये आठवड्याला २० तासांचाच सराव. कागदावर. प्रवास त्यात धरत नाहीत, फिजिओकडचा वेळ धरत नाहीत, आणि 'स्वेच्छेने' केलेला व्यायामही धरत नाहीत. या स्वेच्छेला नाही म्हणणारा एकही खेळाडू मला भेटला नाही.

तो यायचा तेव्हा गुडघ्याला बर्फाची पिशवी प्लास्टिकने गुंडाळलेली असायची. बर्फ वितळून पाणी बुटात ठिबकायचं. केस ओले, हातात चॉकलेट मिल्कची बाटली, आणि स्टँडर्ड डेव्हिएशनच्या दुसऱ्या पायरीवर डोळे मिटलेले. मी टेबलावर टकटक करायची, तो 'सॉरी, सॉरी' म्हणत पेन उचलायचा. पेन त्याच्याच हातात राहिलं पाहिजे, हा तिथला पहिला नियम. ट्यूटरने त्याच्या वहीत एक अक्षर लिहायचं नाही, लॅपटॉपच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. खोलीचं दार काचेचं. कामावर घेतानाच सही घेतलेली: शिकवत असलेल्या खेळाडूशी प्रेमसंबंध नकोत, त्याला गाडीतून सोडायचं नाही, कॉफीसुद्धा पाजायची नाही. कादंबरीत पहिल्या भेटीतच ती त्याला बर्गर खाऊ घालते ना, तिथे माझा जीव वर-खाली होतो. अगं बाई, तुझी नोकरी!

हे नियम कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. मिझुरी विद्यापीठातल्या एका ट्यूटरने २०१६ मध्ये स्वतःहून सांगितलं की तिने बारा खेळाडूंचा अभ्यास करून दिला होता. वरून दबाव होता, असं तिचं म्हणणं. एनसीएएला त्याचा पुरावा मिळाला नाही. २०१९ मध्ये निकाल लागला तेव्हा फुटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल संघांना एका सीझनपुरती पोस्टसीझनची, म्हणजे सीझननंतरच्या मोठ्या सामन्यांची, दारं बंद झाली, आणि तिच्यावर कॉलेज खेळांशी संबंधित काम करायला दहा वर्षांचा निर्बंध. त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं प्रकरण गाजत होतं. वर्ग भरायचा नाही, फक्त एक निबंध द्यायचा, अशा कोर्सेसचा लाभ १८ वर्षांत ३,१०० च्या वर विद्यार्थ्यांनी घेतला होता, त्यात जवळपास निम्मे खेळाडू. तिथे २०१७ मध्ये एनसीएएने हात वर केले: हे कोर्स सगळ्यांनाच खुले होते, सबब आमचा नियम मोडला असं म्हणता येत नाही. विद्यापीठ सुटलं, ट्यूटर अडकली. अशा ठिकाणी काम करणारी मुलगी 'मला गुंतायचं नाही' म्हणते, यात कसली आलीय मनावरची जखम? तिला शहाणी म्हणा.

शिवाय पलीकडे बसलेल्याचा जीव तिच्या हातात असतो, हे लेखिका विसरतात. प्रत्येक सत्रात किमान ६ क्रेडिट पास, दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण, तिसऱ्याला ६० टक्के, नाहीतर मैदानाबाहेर. ट्यूटर प्रत्येक तासानंतर रिपोर्ट भरते: आला का, उशिरा आला का, तयारी करून आला का. ज्याच्याबद्दल मी असा रिपोर्ट भरते त्याने मला 'डिनरला येतेस?' विचारलं, तर तो ते मनापासून विचारतोय की रिपोर्ट डोळ्यांसमोर ठेवून, हे मी कशावरून ओळखायचं? त्यालाही माझ्या 'हो'बद्दल हाच प्रश्न पडायला हवा.

आणि कमिटमेंटचीच गोष्ट काढायची तर त्या साऱ्या कारभारात कमिटमेंट करतंय कोण? १९७३ पासून २०१२ पर्यंत खेळाडूंची शिष्यवृत्ती एका वर्षाचीच असायची, दरवर्षी नूतनीकरण. आता खेळाडूंनीही ते शिकून घेतलंय. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) सुरू झालं, आणि २०२४ पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा कॉलेज बदला, लगेच खेळा. २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे कमवायचीही मुभा आहे, म्हणजे जिथे चांगला सौदा तिकडे पाय वळणारच. त्यात चूक काही नाही, इतकी वर्षं त्यांच्या घामावर इतरांनी बंगले बांधले. पण ज्याचा पुढच्या ऑगस्टमधला पत्ता त्याला स्वतःलाच माहीत नाही, त्याने 'तू नात्याला का घाबरतेस' म्हणून हिला समजावायचं?

आता एक कबूल करायला हवं. न गुंतणं वेगळं आणि टांगून ठेवणं वेगळं. रात्री एक वाजता मेसेज करायचे आणि दुपारी कॅन्टीनमध्ये ओळख दाखवायची नाही, हा प्रकार मुलगी करो की मुलगा, मला मान्य नाही. अशा लोकांची बाजू मी घेत नाहीये. स्पष्ट 'नाही' म्हणणाऱ्या मुलीच्या 'नाही'ला लक्षण समजून उपचार सुरू करू नका, एवढंच माझं म्हणणं.

मग प्रेम करायचंच नाही का? करा की. पण त्या खोलीतली सगळ्यात रोमँटिक गोष्ट कोणती, सांगू? कोऑर्डिनेटरला जाऊन 'मला दुसरा ट्यूटर द्या' म्हणणं. माझ्यासमोर एकदा असं झालंय. आमच्यात साताऱ्याकडचा एक मुलगा होता, कॅल्क्युलस शिकवायचा. ८०० मीटर धावणारी एक मुलगी त्याच्याकडे यायची. तिने आधी ट्यूटर बदलून घेतला आणि मगच त्याला विचारलं. आम्ही घरात अक्षरशः टाळ्या वाजवल्या. त्याने नाही म्हटलं! ओपीटीचं (पदवीनंतर तिथे ठरावीक काळ नोकरी करायची परवानगी) घड्याळ डोक्यावर, नोकरी नाही, आईने व्हॉट्सॲपवर पाठवलेले बायोडेटा एकीकडे. त्याला ती आवडत होती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तिलाही दिसत असणार. 'ओके' म्हणाली, आणि नंतर कॉरिडॉरमध्ये भेटली की हसून हाय करायची. तिने त्याला बरं करायला घेतलं नाही, आणि त्यानेही उगाच आशा लावून ठेवली नाही.

एवढ्या ऐवजावर झकास कादंबरी होईल, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या पन्नास पानांत हिरोने ट्यूटर बदलून घेतलाय आणि पुढे तरीही गोष्ट रंगलीय, असं पुस्तक कुणाच्या वाचनात आलं असेल तर नाव कळवा. हॉकी नसली तरी चालेल.