‘अडेल घोडी, पैसे वाया’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या घोडेस्वारीच्या क्लासबद्दलचा तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्रीच वाचला. त्या दिवशी रिंगणात असलेल्या ट्रेनरशी आणि घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराशी बोलून मगच लिहायचं होतं, म्हणून दोन दिवस गेले. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना आमच्या चांदणी घोडीने तुमच्या मुलीवर दात विचकले, दोन फेऱ्यांनंतर ती जागेवरच अडली, मुलीला उतरवावं लागलं आणि पुढचे दोन क्लास रद्द झाले, असं तुम्ही लिहिलंय. सगळं तसंच घडलं. रद्द झाल्याचा निरोप तुम्हाला सकाळी घरून निघताना मिळाला, ही आमची चूक. त्या तीनही क्लासचे पैसे आज परत पाठवले आहेत.

पण ‘दोन छड्या ओढल्या असत्या तर सरळ झाली असती’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. का, ते सांगतो.

चांदणी 6 वर्षं आमच्याकडे आहे. पहिल्यांदा रिकिबीत पाय घालणारी मुलं आम्ही तिच्यावरच बसवतो. अशी घोडी एकाएकी दात विचकायला लागली, तर आधी तिचं अंग तपासायचं. घोडा काही कुत्र्यासारखा केकाटत नाही. दुखणं तो कानांनी, शेपटीने, अडून सांगतो, आणि आपण त्याला खोड म्हणून मोकळे होतो.

त्या दिवशीचा मोबाइलवरचा व्हिडिओ आम्ही पुन्हा पाहिला. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असताना पाहायच्या 24 लक्षणांची यादी केली आहे: कान मागे टाकून ठेवणं, शेपूट सारखी फटकारणं, तोंड उघडणं, डोळ्याचं पांढरं दिसणं, अडणं वगैरे. 8 किंवा जास्त दिसली, तर हाडं, सांधे किंवा स्नायू दुखत असण्याची शक्यता मोठी. चांदणीची आम्ही 9 मोजली.

खोगीर काढलं तेव्हा तिची पाठ घामाने भिजलेली होती, फक्त डाव्या खांद्यामागे तळहाताएवढा डाग कोरडा होता. खोगीर एका जागी फार दाबत असलं की असा डाग राहतो. तिथे बोटं टेकवली तर तिची कातडी थरथरली आणि तिने पाठच खाली घेतली. पावसाळ्यात आमचं रिंगण बंद असतं. चार महिने काम नाही, त्यामुळे पाठीचे स्नायू उतरले आणि मे महिन्यात नीट बसणारं खोगीर आता रुतायला लागलं. दात घासून घेतले होते, नाल नवे होते, पण खोगीर पुन्हा बसवून पाहिलं नाही. मोतद्दार आठवडाभर सांगत होता की तंग ओढला की ही वळून बघते. मी मनावर घेतलं नाही. याची जबाबदारी माझी.

चांदणीला तपासणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी वैरणीचंही विचारलं. घोड्याच्या पोटात आम्ल दिवसरात्र तयार होत असतं, ते सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. आमच्याकडे रात्री 8 ते पहाटे साडेपाच गव्हाण रिकामी असायची. आता रात्री उशिरा सुकं गवत टाकतो. पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय अल्सर आहे की नाही हे सांगता येत नाही, म्हणून त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

प्रत्येक वेळी दुखणंच असतं असंही नाही. आमचा एक घोडा फाटकापाशी आला की हलायचाच नाही. तपासणीत काही निघालं नाही. मग लक्षात आलं, मुलं रोज तिथेच उतरायची, म्हणजे काम संपण्याची जागा ती. उतरायची जागा बदलली आणि काही दिवसांत तो चालू लागला. छडी तिथेही लागली नाही.

चांदणीला मारलं असतं तर तिने कदाचित दात दाखवणं सोडलंही असतं. पाठ मात्र दुखतच राहिली असती, आणि पुढच्या वेळी काही इशारा न देता ती उधळली असती. वर तुमची 11 वर्षांची मुलगी असती.

सध्या चांदणीवर खोगीर नाही, तिला हाताने फिरवतो. डॉक्टर 3 आठवड्यांनी पुन्हा बघतील. आता क्लास रद्द झाला तर निरोप आदल्या संध्याकाळीच येईल.

जाताना तुमच्या मुलीने मोतद्दाराला विचारलं होतं, ‘तिला माझा राग आला का?’ तिला सांगा, नाही आला, तिची पाठ दुखत होती. रविवारी सकाळी 7 वाजता आम्ही खरारा करतो. यायचं असेल तर तिला घेऊन या, उजव्या बाजूने ब्रश मारलेला चांदणीला आवडतो.